काचेवरचा आकडा

१२ जानेवारी

चि. ढब्बू,

तुझ्या कंपनीचं पत्र पोचलं. जाड कागद, गोल शिक्का, वर ‘माननीय महोदया, सा. न. वि. वि.’ आणि खाली तुझी सही. मी दोनदा वाचलं आणि एकटीच हसत बसले. ज्याचा पहिला पडलेला दात अजून माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे, तो मला महोदया म्हणतोय. आमच्या मंडळाच्या अर्जाखाली सचिव म्हणून जी सही होती, ती तुझ्या मावशीची. ती आजवर कुणालाच वाचता आलेली नाही, त्यामुळे तुला दोष देत नाही.

तू ब्रेकच्या कंपनीत लागलास हे ताईकडून कळलं होतं. पण प्रायोजकत्वाचे अर्ज तुझ्याच टेबलावर येतात हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर आडपडदा न ठेवता लिहिते. उत्तर लिहूनच पाठव, फोन करू नकोस. कवळ्या घासायचं यंत्र आणि गाड्या यांनी मिळून माझे कान खाल्लेत. फोनवर मला ‘हॅलो’ आणि ‘ठेवतो’ एवढंच कळतं.

अर्ज कोरडा वाटला असेल, म्हणून खरी गोष्ट सांगते. शहराबाहेर बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिथे ड्रॅग रेस घेतो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सरळ पाव मैल पळतात, संपलं. वळण नाही, चढ नाही. पळवणारे सगळे हौशी. एक सुतार, एक नर्स, बेकरीवाला, बँकेतली कॅशियर आणि कवळ्या बनवणारी मी. पण परवानगीची अट अशी की फाटकाशी ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर उभे असल्याशिवाय एकही चाक हलवायचं नाही. सात वर्षं ती ॲम्ब्युलन्स एका रंगाच्या कंपनीच्या कृपेनं उभी राहायची. या वर्षी त्यांनी हात वर केले. दुसरं कुणी भेटलं नाही तर फेब्रुवारीत फाटकाला कुलूप.

कुलूप लागलं की हेच लोक बायपासवर जातील, आणि यांच्याहून तरुण लोक यांच्या आधी जातील. पट्टी सुरू होण्यापूर्वी सगळे तिथेच जात होते. बायपासवर काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको, तुझ्या घरात एक माणूस रोज पाय ओढत चालतो. भाऊजींना हे पत्र दाखवू नकोस, आणि ताईला तर मुळीच नको.

दे असं म्हणत नाही. वाच आणि मग ठरव, एवढंच म्हणते.

मावशी


२५ जानेवारी

मावशी,

महोदया मागे घेतो. तुझी सही बघून ऑफिसात दोघांनी पैज लावली होती. एकाचं म्हणणं ती गांडूळ आहे, दुसऱ्याचं म्हणणं शिंक.

बातमी चांगली आहे. एका हंगामापुरतं मंजूर झालं. ॲम्ब्युलन्स, डॉक्टर आणि विमा, तिन्ही आमच्याकडे. साहेबांना पटवणं सोपं नव्हतं. ते आधी साबणाच्या कंपनीत होते, गाड्यांमधलं त्यांना माझ्याइतकंच कळतं. त्यांनी विचारलं, ब्रेकवाल्यांनी पळणाऱ्यांना मदत कशासाठी करायची? मी म्हटलं, साहेब, जो पळतो त्यालाच थांबावं लागतं. हे मला त्या क्षणी कसं सुचलं देव जाणे. ते हसले आणि सही झाली.

बदल्यात फार काही नको. फाटकावर आमचा फलक, सगळ्या गाड्यांच्या दारांवर आमचं स्टिकर, आणि एक गाडी आमचा चेहरा म्हणून निवडायची, तिला नवे ब्रेक आमच्याकडून. मी तुझीच गाडी लिहिली. परक्याला का द्यायचे? अर्जात कामगिरीचा रकाना होता. तिथे ‘पट्टीवरच्या आघाडीच्या वेगवान गाड्यांपैकी एक’ असं टाकलंय. साहेबांना मनापासून हवंय ते एकच, एक फोटो. आमचं स्टिकर लावलेली गाडी शेवटची रेषा सगळ्यांच्या आधी ओलांडतेय असा. तो मिळाला तर पुढच्या वर्षांचंही बोलता येईल.

ब्रेकचं खोकं वेगळं पाठवलंय. तुमची नियमांची पुस्तिका मिळाली, वाचून घेतो.

आईबाबांना काही बोललो नाही.

ढब्बू


१० फेब्रुवारी

चि. ढब्बू,

मंजुरीचं पत्र मी मंडळात मोठ्यानं वाचलं. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कधी रडत नाही, तिच्या वॉर्डात लोक तिला घाबरतात. सगळ्यांच्या वतीनं तुला शाबासकी.

आता तुझ्या त्या रकान्याबद्दल. माझी गाडी तू लहानपणी पाहिली आहेस. मागे सामानाची जागा असलेली, लांबलचक, सायीच्या रंगाची. पट्टीवर सगळे तिला काकू म्हणतात, कारण ती येताना दिसते, पोचत मात्र नाही. आघाडीची वेगवान म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते वाचून सुतार इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

खोकं मिळालं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणू नये. पण दात तपासणं हाच माझा धंदा, त्यामुळे मी तपासले. माल उत्तम आहे. रविवारी मी आणि सुतारानं मिळून चारही चाकांना बसवले. जुने काढले तेव्हा ते इतके घासलेले होते की आरशासारखे चकाकत होते. ते थांबवतात की नाही हे विचारायची मला कधी वेळच आली नाही, काकू थांबायला नेहमीच तयार असते. दारांवर तुमची स्टिकर लावली. निळा रंग तिला शोभतो.

सोळा तारखेला हंगामातली पहिली रेस. निकालाचा कागद मास्तर परस्पर तुमच्या ऑफिसला पाठवतील. मास्तर म्हणजे आमचे वेळ मोजणारे, चाळीस वर्षं गणित शिकवलंय त्यांनी. त्यांना चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जातो.

पुस्तिका खरंच वाच. निदान चौथं पान तरी.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

अभिनंदन, अभिनंदन आणि अभिनंदन.

मास्तरांचा कागद आज आला. काकू, लिहिलेला वेळ १६.२०, लागलेला वेळ १६.०७. म्हणजे आमचे ब्रेक लावल्याबरोबर तू स्वतःचाच आकडा मोडलास. मी कागद घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, बघ, मालात दम असला की असा दिसतो. सगळ्या मजल्याला कॉफी सांगितली आणि माझी पाठ थोपटली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा कुणी माझं नाव घेऊन हाक मारली. एरवी मी ‘तो नवीन’ असतो.

आणखी ऐक. मे महिन्यात हंगामातल्या शेवटच्या रेसला साहेब स्वतः येणार आहेत, फोटोग्राफर घेऊन. तीन वर्षांचा करार करायचा की नाही हे ते तिथेच ठरवणार. तू अशीच पळत राहा म्हणजे झालं.

ढब्बू


५ मार्च

चि. ढब्बू,

अरे गाढवा, मी हरले.

पहिल्याच फेरीत बाद झाले. बेकरीवाल्यासमोर, जो दर वेळी दिवा लागल्यावर झोपेतून उठल्यासारखा निघतो. आणि तू त्यावर अख्ख्या मजल्याला कॉफी पाजलीस. पुस्तिका तू उघडलेलीसुद्धा नाहीस हे मला आता पक्कं कळलं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. तुला अख्खं पान लिहून काढते, नीट बसून वाच.

आमच्या गाड्या सारख्या नसतात. सुताराची लाल गाडी पाव मैल साडेबारा सेकंदांच्या आत जाते, काकूला सोळा लागतात. नुसता वेग बघायचा तर आम्ही घरीच बसलेलं बरं. म्हणून प्रत्येकानं आपल्याला किती वेळ लागेल तो आकडा आधीच, स्वतःच्या हातानं, पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगात लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा आधी हिरवा दिवा हळू गाडीला. मग दोघं लिहिल्याप्रमाणे पळाले तर रेषेवर एकाच वेळी पोचतात, आणि जो नेमका तो जिंकतो. आता कुणी लबाडी करून मुद्दाम जास्त वेळ लिहील, आणि फुकटची आघाडी घेईल. म्हणून चौथ्या पानावरचा नियम असा. लिहिलेल्यापेक्षा कमी वेळात जो पोचला तो बाद. रेषा आधी ओलांडली तरी बाद.

म्हणजे १६.०७ हा पराक्रम नव्हता, ढब्बू. मी १६.२० असा शब्द दिला होता आणि तो मोडला. अकरा वर्षांत माझ्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. कवळी केसभर चुकली की समोरचा माणूस जेवू शकत नाही. केसभर म्हणजे किती, हे माझ्या बोटांना कळतं, म्हणून तर या खेळात माझी डाळ शिजते. त्या दिवशी मला वाटलं, हात गेले माझे, वय झालं. आठवडाभर मी एकही कवळी पुरी केली नाही.

मग मास्तरांनी शोधून काढलं. माझे जुने ब्रेक जरासे चिकटून राहायचे, चाकाला सतत घासत असायचे. ते चकाकत होते ते त्यामुळेच. अकरा वर्षं मी तो अडथळा सोबत घेऊन पळत होते, आणि माझा आकडा त्याच्यासकट होता. तुझे नवे ब्रेक सोडले की पुरते सुटतात. काकू मोकळी झाली आणि मला कळलंच नाही. तुमच्या ब्रेकनं मला हरवलं, असं तुझ्या साहेबांना सांग. किंवा नको सांगू.

मावशी


१४ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून पाचावर धारण बसली.

खरं सांगतो. पुस्तिका मी उघडली नव्हती, ती मी खिडकीच्या फटीत लावून ठेवली होती, वारा येतो म्हणून. आता दोनदा वाचली. चौथं पान पाठ आहे.

पण उशीर झालाय. साहेबांनी तो १६.०७ वरच्या मंडळींना कळवलाय. माझ्या तोंडून ‘ती हरली होती’ हे निघालंच नाही. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन जागेवर बसलो. ते मेमध्ये येणार, पळणं बघणार. त्यांना आकडे कळत नाहीत, कोण पुढे आणि कोण मागे तेवढं कळतं. आमची गाडी मागे दिसली तर तीन वर्षं राहिली बाजूला, पुढचा एक हंगामही मिळणार नाही. मग ॲम्ब्युलन्स नाही, आणि तूच म्हणालीस तसं, कुलूप.

म्हणून एक विचारतो, रागावू नकोस. शेवटच्या दिवशी तू फक्त रेषा आधी ओलांडशील का? निकालात बाद झालीस तरी चालेल. निकालाचा कागद साहेब बघत नाहीत, फोटो बघतात. एकदाच. पट्टीसाठी.

हे मी स्वतःच्या नोकरीसाठी विचारत नाहीये. म्हणजे, थोडं तेही आहे.

ढब्बू


२ एप्रिल

चि. ढब्बू,

उत्तराला उशीर केला, कारण पहिलं लिहिलेलं उत्तर मी फाडून टाकलं. ते रागात होतं. दुसरं शहाणपणाचं होतं, तेही फाडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

यंदा मार्चच्या रेसमध्ये मी १६.०५ लिहिलं आणि दुसरी आले. नवा आकडा हाताला बसतोय. एप्रिलमध्येही बरं होईल. मास्तर म्हणतात, या वर्षी हंगामाचा कप काकूचा आहे. अकरा वर्षांत मी तो फक्त पुसलाय, सचिव म्हणून, दर वर्षी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी. मला तो हवा होता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय.

पण तू म्हणतोस ते खोटं नाही. एक बाई हरली तर काही बिघडत नाही, फाटक उघडं राहायला हवं. मी सुताराशी, नर्सशी बोलले नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग त्या नाही म्हणण्याची किंमत बायपासवर कुणीतरी तिसऱ्यानंच मोजली असती. तेव्हा ठीक आहे. मे महिन्यात रेषा मी आधी ओलांडेन. तुझ्या साहेबांना त्यांचा फोटो मिळेल.

ताईला माझा नमस्कार सांग. कशाबद्दल ते सांगू नकोस.

मावशी


९ एप्रिल

मावशी, तू खरंच मोठ्या मनाची आहेस. डोक्यावरचं ओझं उतरलं. साहेबांसाठी सावलीतल्या खुर्च्या ठेवायला सांगशील? त्यांना उन्हाचा त्रास होतो.

घाईत,
ढब्बू


१३ मे

चि. ढब्बू,

परवा तू साहेबांच्या गाडीत बसून निघून गेलास, माझ्याकडे न बघता. मी हात केला होता. तुझा चेहरा पडला होता, आणि साहेबांनी तर काच वर केली होती. त्यामुळे जे तोंडानं सांगायचं ते आता लिहावं लागतंय. नाहीतरी तिथल्या आवाजात मला तुझं काही ऐकू आलं नसतं.

पहिल्या तिन्ही फेऱ्या तू पाहिल्यास. तिन्ही वेळा रेषा मी आधी ओलांडली आणि शब्दही पाळला. तुझे साहेब टाळ्या वाजवत होते. राहिली शेवटची, सुताराबरोबरची. माझ्या काचेवर १६.०५, त्याच्या काचेवर १२.४०. मला साडेतीन सेकंदांहून जास्त आघाडी. मी ठरवून बसले होते. पाय शेवटपर्यंत दाबायचा, बस. कपाचा विचार मी घरीच सोडून आले होते.

मी निघाले. पट्टीच्या कडेला दिव्यांचे जुने खांब आहेत. तिसऱ्या खांबाशी माझे अकरा आकडे मोजून होतात, नेहमी, न चुकता. परवा अकरावा आकडा तोंडात यायच्या आधीच खांब मागे गेला. वारा पाठीमागून होता. काकू लिहिलेल्यापेक्षा पुढे निघाली होती. आरशात लाल गाडी मोठी होत होती, आणि तिलाही तोच वारा होता. पाय तसाच ठेवला असता तर मी केसभर आधी पोचले असते, फोटो मिळाला असता आणि शब्द मोडला असता. आपलं हेच ठरलं होतं. माझ्यासमोर काच होती, काचेवर माझ्याच हातचा आकडा. आतून तो उलटा दिसतो.

आणि मी ब्रेक मारला. जोरात नाही, जेवढा हवा होता तेवढाच. काकूनं नाक खाली केलं, लाल गाडी सूंकन पुढे गेली, तुझ्या फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. सुतार आधी पोचला, १२.३६ मध्ये. स्वतःच्या आकड्याच्या आत, म्हणून बाद. मी मागून पोचले, १६.०६. कप माझ्या टेबलावर आहे. त्याच्याकडे बघवत नाही, कारण मी तुला दिलेला शब्द मोडला.

का ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी बायपासवर भाऊजी पळाले तेव्हा मी तिथे होते. ताईच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, मी एकोणीस वर्षांची. रुमाल घेऊन रेषेपाशी मीच उभी होते. दोन्ही गाड्या बरोबरीनं येत होत्या, पुढे वळण होतं, आणि भाऊजींनी वेग जरासा कमी केला. मी ओरडले, ‘दाबा, भाऊजी, दाबा.’ त्यांनी दाबला. नंतरचं तुला माहीत आहे. पट्टी सुरू करायला कोण कुठे कुठे हिंडलं, कुणी किती अर्ज केले, हे लोक कौतुकानं सांगतात. का केले, ते मला माहीत आहे.

परवा साहेब खुर्चीतून उठून हातवारे करत होते. तोंड उघडलेलं होतं. मला ऐकू येत नव्हतं, पण ते काय ओरडत होते ते कळत होतं. कुणीतरी बघतंय म्हणून पाय दाबायचा, हे माझ्यानं झालं नाही.

तुझ्या नोकरीवर काही आलं तर मला माफ कर. फाटकाचं मी बघते. आणखी दहा कंपन्यांना लिहीन, सही सुधारून.

मावशी


३० मे

मावशी,

क्रमानं सांगतो.

परतीच्या वाटेवर साहेबांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. मग म्हणाले, बाई शेवटी हरल्या. तेव्हा मी सगळं सांगितलं. १६.०७ काय होतं, मी गप्प का राहिलो, तुझ्याकडे काय मागितलं, चौथं पान, सगळं. सांगून झाल्यावर मी दार उघडून उतरायच्या तयारीत होतो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘मी बघतोय हे त्यांना माहीत होतं?’ मी म्हटलं, हो. ‘आणि तरी ब्रेक मारला?’ हो. मग त्यांनी मला घराशी सोडलं.

आठ दिवस काहीच नाही. मग फोटो आले. साहेबांनी नेमका टाकून द्यायचा तो निवडला. पुढे लाल गाडी, मागे काकू, नाक खाली झुकलेलं, मागचे दोन्ही दिवे लाल. तो त्यांनी जाहिरातीला दिला नाही. मोठा करून कारखान्यात लावला, जिथे ब्रेकचे तुकडे चिकटवतात त्या दालनात. तिथली माणसं वर्षानुवर्षं दिवसाला शेकडो तुकडे चिकटवतात, ते पुढे कुठे जातात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच्यासमोर उभे होते. एका बाईंनी विचारलं, हे आपले? मी म्हटलं, हे आपले.

करार दोन वर्षांचा झालाय, तीनचा नाही. कागद सोबत आहे. अट एकच बदलली. स्टिकर यापुढे दारावर नाही, मागे, ब्रेकच्या दिव्याशेजारी लावायचं. मला बोलणी बसली, आणि ती योग्य होती. नोकरी आहे. साहेब मला आता ‘चौथं पान’ म्हणतात.

आता दुसरं. तुझं पत्र आणि तो फोटो मी जेवणाच्या टेबलावर विसरलो. विसरलो असं म्हणतोय, पण मला वाटतं मी ठेवलं. अंघोळ करून आलो तर बाबा चष्मा लावून बसले होते, पत्र पुढ्यात. आई त्यांच्या मागे उभी होती. मी काहीतरी सारवासारव करणार होतो, पण त्यांनी हात वर केला. फोटो बराच वेळ बघितला. लाल दिव्यांवर बोट ठेवलं. मग बोलले ते जसंच्या तसं लिहितो.

‘तिला लिही, मला काही ऐकू आलं नव्हतं. काचा बंद होत्या आणि इंजिन बोंबलत होतं. ती ओरडली असेल, शंभर जण ओरडले असतील. पाय माझा होता.’

आईनं तुझं पत्र घडी घालून कपाटात ठेवलं, जिथे ती महत्त्वाचे कागद ठेवते.

बाबांनी मला विचारलं, तो आकडा ती स्वतःच लिहिते का. मी म्हटलं, हो, हातानं. पुढची रेस कधी आहे तेही विचारलं.

ढब्बू


६ जून

चि. ढब्बू,

तुझं पत्र कामाच्या टेबलाशी उघडलं. हातात साच्यासाठी कालवलेलं प्लास्टर होतं. वाचून होईपर्यंत ते भांड्यातच घट्ट झालं, भांड्यासकट फेकून द्यावं लागलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी एका माणसाला कळवलं की तुमची कवळी उद्या मिळेल, आज बाईंना काही सुचत नाहीये.

कराराचा कागद मंडळात वाचला. सुतार म्हणाला, ब्रेक मारून करार मिळवणारी पहिली बाई. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण फाटकावरचा तुमचा फलक त्यानंच ठोकून बसवला.

पंधरा तारखेला कपाबाहेरची, नुसत्या हौसेची रेस आहे. भाऊजींना आण, ताई येत असेल तर ताईलाही. मास्तरांच्या शेजारी सावलीत दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. पाय लांब करता येईल इतकी जागा पुढे सोडलीय. मास्तर त्यांना आकडे समजावून सांगतील, थोडं जास्तच सांगतील, ऐकून घ्या म्हणावं.

आणि त्यांना म्हणावं, काकू निघाली की हवं तेवढं ओरडा. मला काही ऐकू येत नाही.

मावशी